वर्षभर उघडं राहिलेलं दार : कर्नाटकच्या आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळूरु

महोदय,

सप्रेम नमस्कार.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून, जांबोटीच्या पुढे जंगलात शिरणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहान गावातून हे पत्र लिहीत आहे. मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत 32 वर्षं शिकवलं, आता घरी असतो. मंत्र्यांना पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. आजवर आम्ही गावकऱ्यांनी पाठवली ती निवेदनं, तीही तक्रारीची. हे पत्र आधी आभाराचं आहे. मागणं आहे, पण ते नंतर.

आमच्या गावात आरोग्य उपकेंद्राची इमारत पुष्कळ वर्षांपासून आहे. तिला कुलूप असायचं. आठवड्यातून एखादा दिवस ते निघे, लसीकरण होई आणि तिन्हीसांजेच्या आत पुन्हा लागे. ओट्यावर लोक भात वाळत घालत, पावसाळ्यात गुरं आडोशाला उभी राहत. ती जागा दवाखान्याची आहे हे शाळेतली पोरं विसरूनच गेली होती. गेल्या वर्षी तिथे समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून एक नर्सिंग शिकलेली मुलगी रुजू झाली. दोन पिशव्या, एक गॅसची शेगडी आणि गुंडाळलेली गादी घेऊन ती बसमधून उतरली, ते मी स्वतः पाहिलं. आम्हा सगळ्यांना वाटलं, महिनाभरात जाईल. ती राहिली. परवा तिला वर्ष झालं.

या वर्षात काय झालं ते सांगतो. माझ्या गल्लीत रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे आहेत. पूर्वी महिन्याच्या गोळ्यांसाठी सकाळची बस धरून खानापूरला जावं लागे, म्हणजे दिवस मोडला आणि त्या दिवसाची मजुरीही बुडाली. मग बरं वाटतंय म्हणून गोळी बंद आणि वर्ष-दोन वर्षांनी एक दिवस तोंड वाकडं होऊन माणूस अंथरुणाला खिळायचा. आता गोळ्या उपकेंद्रात मिळतात. कोण न्यायला आलं नाही ते सिस्टरच्या वहीत दिसतं आणि आशाताई त्याच्या घरी जाऊन उभी राहते. आपल्या खात्याने 2024 मध्ये कोलार जिल्ह्यातून सुरू केलेली गृह आरोग्य योजना म्हणजे कागदावर जे आहे, ते आमच्याकडे असं दिसतं : एक वही आणि दारात उभी राहिलेली आशाताई.

पण मला मुख्यतः सांगायचं आहे ते वेगळंच. ती मुलगी कन्नड मुलखातली, पूर्वेकडची. आली तेव्हा तिला मराठी येत नव्हतं आणि आमच्या बायकांना कन्नड बाजारापुरतं येतं. पहिल्या आठवड्यात एक सून तिच्याकडे गेली आणि म्हणाली, "सिस्टर, दिवस गेलेत." सिस्टरने विचारलं, कसले दिवस? सून लाजून परत आली. तो प्रकार कळल्यावर त्या संध्याकाळी सिस्टर शंभर पानी वही घेऊन माझ्या ओसरीवर आली. म्हणाली, सर, मला दुखण्याचे शब्द शिकवा.

महिनाभर आमची शिकवणी चालली. ज्वर, रक्त, आरोग्य हे तर दोन्ही भाषांत एकच. ते तिला सांगावेच लागले नाहीत. पण पोटात गोळा येतो, मुरडा येतो, कळ येते, आग पडते, या चार वेगळ्या तक्रारी आहेत. डोकं दुखतं, ठणकतं, जड होतं. चक्कर येणं निराळं आणि डोळ्यांपुढे अंधारी येणं निराळं. जीव घाबरा होतो म्हणजे भीती वाटते असं नव्हे. आणि "अंगावरून जातं" हे तर मी तिला सांगू शकलो नाही, माझ्या बायकोने आत बोलावून समजावलं. हे सगळं ती कन्नड लिपीत लिहून घेई, समोर तिच्या भाषेतला अर्थ, आणि दुसऱ्या दिवशी वापरून पाही. आमच्या बायका वर्षानुवर्षं अंगावरून जाणं सोसत आल्या, कारण डॉक्टरांपुढे मुलाला किंवा दिराला दुभाष्या करून ते बोलता येत नाही. या वर्षी त्या बोलल्या. किती जणींचं रक्त कमी निघालं, किती जणींना तपासणीसाठी पुढे पाठवलं, ते तिच्या वहीत आहे; ते आकडे मी मागितले नाहीत, मागूही नयेत.

महोदय, सीमाभागात भाषेचा शब्द काढला की लगेच दुसराच अर्थ लावला जातो, म्हणून स्पष्ट लिहितो. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचं काय व्हायचं ते तिथे होईल. माझं म्हणणं औषधाच्या पाकिटापुरतं आहे. जेवणाआधी की जेवणानंतर, दिवसातून किती वेळा, हे पाकिटावर मराठीतही असावं. गरोदर बाईच्या तायी कार्डावर धोक्याची लक्षणं कन्नडबरोबर मराठीत छापावीत. रुग्णालयातून घरी सोडताना जो कागद देतात, त्यावर घरच्यांनी काय करायचं त्या चार ओळी मराठीत असाव्यात. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा त्याहून अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे 1961 साली देशभरच्या मुख्यमंत्र्यांनी एकत्र बसून मान्य केलेलं आहे. आमच्या तालुक्यात मराठी बोलणारे त्याच्या कितीतरी पट आहेत. त्या मुलीने वहीत जे उतरवून घेतलं, त्याची खात्याने पुस्तिका काढली तर खानापूर, बेळगाव, निपाणी भागात नव्याने येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आणि सिस्टरला ती पहिल्या दिवशी देता येईल. खर्च छपाईचा.

आता सापाचं. आमच्याकडे हा विषय टाळून आरोग्याबद्दल बोलताच येत नाही. इथे पाऊस असा की रोप लावणीच्या दिवसांत इरलं डोक्यावरून उतरत नाही. त्याच दिवसांत साप बिळांतून बाहेर येतात, आणि माणसं चिखलात अनवाणी किंवा रात्री जमिनीवर झोपलेली असतात. नाग आणि घोणस चावलेलं तरी कळतं. मण्यार झोपेत चावते, दंश दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे माणूस म्हणतो पोटात दुखतंय. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास थांबतो.

माझी थोरली वहिनी अशीच गेली. पोटदुखी म्हणून आधी घरी ओवा दिला, मग एका जाणत्याकडे नेलं. पुढे ज्या सरकारी दवाखान्यात पोहोचलो तिथे सापाच्या विषावरची लस नव्हती आणि रात्रीचे डॉक्टरही नव्हते. तिथून पुढच्या गाडीत ती माझ्या मांडीवर गेली. त्याला बरीच वर्षं झाली, दवाखान्याचं नाव घेऊन आता काही साधायचं नाही.

गेल्या श्रावणात शेजारच्या पोराला बांधावर घोणस चावली. लोक त्याच्या पायाला दोरी आवळायला निघाले होते. सिस्टर धावत आली, दोरी बांधू दिली नाही, ब्लेडने चीर देऊ दिली नाही, त्याला चालू दिलं नाही. मोडलेल्या पायाला बांधतात तशी फळी बांधली, आडवं ठेवलं, चावल्याची वेळ त्याच्या हातावर पेनाने लिहिली. गावातल्या एकाच्या टेम्पोतून त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं आणि पोहोचायच्या आधी तिथल्या डॉक्टरांना फोन गेला होता. तिथे त्याचं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं हलवलं नाही. मग नळी तिरकी केली तर रक्त गोठलेलंच नव्हतं. म्हणजे विष रक्तात भिनलं होतं. लस सुरू झाली. तो पोरगा यंदा स्वतःच्या शेतात औत धरतो आहे. काचेची नळी आणि घड्याळ, एवढ्यावर एक जीव ठरला. मी उभं आयुष्य पोरांना विज्ञान शिकवलं, पण ती 20 मिनिटं मी कधी विसरणार नाही.

आपल्या सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये सर्पदंशाची नोंद बंधनकारक केली, देशात सर्वात आधी. त्यामुळे कुठे किती लस लागते हे खात्याला आता कळतं आहे, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. आता त्यापुढचं पाऊल टाका. मे संपायच्या आत खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीचा पुरेसा साठा असावा. सुरुवातीलाच 10 कुप्या लागतात, तेव्हा दोन-चार कुप्या ठेवून भागत नाही. भुकटीच्या रूपातली लस फ्रिजवाचूनही टिकते आणि आमच्याकडे पावसात वीज दिवसेंदिवस नसते, तेव्हा तीच पाठवावी. लसीची रिअॅक्शन जीवघेणी होऊ शकते म्हणून ती उपकेंद्रात देता येत नाही हे मला समजतं. म्हणूनच जून ते ऑक्टोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर हवेत.

अंतराचा हिशोबही बदलायला हवा. डोंगराळ भागात 3,000 लोकसंख्येला एक उपकेंद्र हा नियम आहे. भीमगड अभयारण्याच्या आतल्या आणि कडेच्या वाड्यांत 3,000 माणसं जमवायची तर मध्ये कित्येक ओढे आणि अर्धं जंगल येतं. आजारी माणसाला शिडीला घोंगडी बांधून खांद्यावरून आणावं लागतं आणि त्याची छायाचित्रं दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. अभयारण्यात डांबरी रस्ता होणार नाही, असं वन खातं सांगतं. ठीक आहे. पण मग पावसाळ्याचे चार महिने औषधं घेऊन कुणीतरी त्या वाड्यांत राहावं, किंवा बाळंतपण जवळ आलेल्या बाईला आधीच खाली आणून तिच्या राहण्याची सोय करावी. मोबाइलला रेंज नसलेल्या गावात ई-संजीवनीचा, म्हणजे फोनवरून डॉक्टरांचा सल्ला घेण्याच्या सरकारी सोयीचा, उपयोग होत नाही. आमची सिस्टर डॉक्टरांशी बोलायला शाळेमागच्या टेकाडावर जाते, छत्री धरून.

जवळ सोय नाही म्हणून आमची माणसं वर्षानुवर्षं चोर्ला घाट उतरून गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जात आली. 2018 पासून तिथे बाहेरच्या राज्यातल्यांना पैसे लागू झाले. कुणी कोल्हापूर गाठतं. महाराष्ट्राने 2023 मध्ये 865 सीमावर्ती गावांसाठी आपली आरोग्य योजना जाहीर केली तेव्हा दोन्ही राज्यांत मोठं राजकारण झालं. आजारी माणसाला त्यातलं काही नको असतं, त्याला जवळची खाट हवी असते. ती आपण दिली तर तो घाट उतरणार नाही.

आशांबद्दल एवढंच, की जानेवारी 2025 मध्ये बेंगळूरुच्या फ्रीडम पार्कमध्ये थंडीत बसलेल्या बायकांना महिना किमान 10,000 रुपयांचं आश्वासन मिळालं होतं. ते पैसे पूर्ण आणि वेळेवर मिळावेत. वर ज्या वहीचं लिहिलं, ती त्यांच्या पायांवर चालते.

आणि शेवटी त्या मुलीबद्दल. उपकेंद्रामागच्या खोलीत ती राहते. छत दोन ठिकाणी गळतं, पाणी बोअरवरून आणावं लागतं. पहिल्या पावसाळ्यात ती एकटी म्हणून गावातल्या बायका पाळीपाळीने तिच्या सोबतीला झोपायला जात. आता "सिस्टर हाईत की" म्हणून रात्री-अपरात्री दार वाजवायला कुणी कचरत नाही, कारण ती आतच असते. याआधी आलेली माणसं वाईट होती असं मी म्हणणार नाही. त्यांना राहण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती राहिली नाहीत. हिलाही आम्ही किती दिवस धरून ठेवणार? ती कंत्राटी आहे. पगार कायम नोकरीचा नाही आणि पुढच्या वर्षाची खात्री नाही. जंगलपट्ट्यात मुक्कामी राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना वेगळा भत्ता, गळत नाही अशी खोली, आणि दोन-तीन वर्षांचा सलग करार, एवढं मिळालं तर तिने शिकलेले शब्द याच गावाच्या कामी येतील. नवीन कुणी आली तर शिकवायला मी तयार आहे, पण मीही आता सत्तरीला टेकलो आहे.

दर डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण बेळगावच्या सुवर्ण सौधमध्ये येता. तिथून आमचं गाव एका सकाळच्या अंतरावर आहे. आलात तर तिची वही बघा.

तिच्या कराराची मुदत 31 मार्चला संपते. त्याआधी निर्णय व्हावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव