माझं नाव घालू नकोस

सांगली, गावभाग

चि. मेघास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर "बाबा, फ्लॅटच्या कर्जाला बँकेनं नाही म्हटलं" एवढंच बोललीस आणि फोन ठेवलास. माझ्या मनात तेव्हापासून जे घोळतंय ते फोनवर मला धड सांगता यायचं नाही, म्हणून लिहायला बसलोय. हळदीचे सौदे दुपारीच आटोपले, पेढीवर आता कोणी नाही.

तुझा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याची पत सांगणारा आकडा, 'उणे एक' आला असं तू आईला सांगितलंस. मी तीस वर्षं दिवाणजी आहे, माझ्या वहीत उणे म्हणजे देणं. तू तर कुणाचं पाच पैसे देणं लागत नाहीस. मग शेजारच्या पेढीवरच्या मुलाकडून समजून घेतलं. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि उणे एक म्हणजे त्या माणसाची नोंदच नाही. तू कधी कर्ज घेतलं नाहीस, कार्ड वापरलं नाहीस, तेव्हा तू हप्ता वेळेवर भरशील की नाही हे बँकेला कळायला मार्गच नाही. मार्केट यार्डात एखाद्याची पत त्याच्या बोलण्यावरून, बापाच्या नावावरून ठरते. बँकेला लेखी नोंद लागते.

आणि ती नोंद झाली नाही, ती माझ्यामुळे. पुण्यात तुझी पहिली नोकरी लागली तेव्हा तू क्रेडिट कार्डाचा फॉर्म भरून आणला होतास. मी तो तुझ्यासमोर फाडला. का फाडला ते तुला कधी सांगितलं नाही. २००८ साली बरोबरच्या एका माणसाला मी कर्जासाठी जामीन राहिलो. त्यानं हप्ते थकवले, नोटीस आपल्या घरी आली आणि अडीच वर्षं मी माझ्या पगारातून ते फेडलं. तू तेव्हा शाळेत होतीस. त्यानंतर या घरात कर्ज हा शब्द मी नको केला. तुला जपतोय असं मला वाटत होतं. सहा वर्षं नियमित पगार असूनही आज तुला बँकेतून मान खाली घालून यावं लागलं, हे माझ्या मनाला फार लागलंय.

आता पुढचं बघू. नकार मिळाला म्हणून चार बँकांत लागोपाठ अर्ज टाकू नकोस. प्रत्येक अर्जाची चौकशी तुझ्या नावावर नोंदली जाते आणि माणूस पैशासाठी वणवण करतोय असं दिसतं. आपला सिबिलचा अहवाल आपण काढला तर मात्र काही बिघडत नाही, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. ज्या बँकेत पगार जमा होतो तिथंच आधी जा. पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, खात्याचे उतारे आणि भाडेकरार बरोबर ने. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नुसता इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. तेव्हा शांतपणे विचार, आणि नाही म्हणाले तर कारण लेखी माग.

तोवर त्याच बँकेत पन्नास हजारांची मुदत ठेव करून त्यावर कार्ड घे. ठेव तारण असल्यामुळे ते सहज मिळतं. किराणा, मोबाईलचं बिल एवढंच त्यावर टाक. मर्यादेच्या पाव हिश्शापुढे जाऊ नकोस आणि बिल आलं की पूर्ण भर. बिलावर 'किमान रक्कम' असा एक आकडा असतो, त्याला भुलू नकोस, उरलेल्यावर जबर व्याज चढतं. साधारण सहा महिन्यांत स्कोअर दिसू लागतो.

अर्जात आईला सहकर्जदार घे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची. आपल्या घरात ते देवळीपर्यंत आलं. तीनदा रंग दिला तरी स्वयंपाकघरातली ती मातकट रेघ अजून वर येते. पाणी उतरल्यावर घर उभं करायला आईनं तिच्या पाटल्या बँकेत ठेवून सोनेतारण कर्ज घेतलं आणि डब्यांच्या पैशातून दीड वर्षात एकही तारीख न चुकवता फेडलं. परवा तिचा अहवाल काढला. ७७१! कागद हातात घेऊन ती कितीतरी वेळ बघत बसली होती. तिच्या वयामुळे मुदतीवर काही परिणाम होतो का, तेवढं आधी विचारून घे.

माझं नाव मात्र घालू नकोस, कर्जातही नको आणि खरेदीखतातही नको. त्या जामिनकीचा डाग माझ्या अहवालात निघाला तर तुझं काम अडेल. शिवाय घर फक्त बायकांच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ३२ लाखांच्या फ्लॅटवर ते ३२ हजार होतात. नोंदणी फी ३० हजार. मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे कर्जात धरत नाहीत, ते हातात हवेत. २५ लाख कर्ज म्हणजे वरचे सात लाख आणि हा खर्च आपला. त्यातले दोन लाख मी देतो, पोस्टात आहेत.

हिशेब मी मांडून बघितला. साडेआठ टक्क्यांनी २५ लाखांना २० वर्षांचा हप्ता २१,६९६ बसतो. पहिल्या महिन्यात त्यातले १७,७०८ व्याजात जातात, मुद्दल फिटतं फक्त ३,९८८. १५ वर्षांचा हप्ता २४,६१८ आहे, म्हणजे महिन्याला तीनेक हजार जास्त, पण सगळे मिळून पावणेआठ लाख वाचतात. तुला पुण्याचं भाडंही भरायचंय, म्हणून २० वर्षांचंच घे. बोनस आला की मुद्दलात भर. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो.

फ्लॅट विश्रामबागेत आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. पूररेषेच्या नकाशावर तो निळ्या आणि लाल रेषेबाहेर आहे का ते महापालिकेतून बघून घे. जागा मूळ गुंठेवारीतली, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेली, असेल तर ती नियमित झाल्याचा दाखला माग, नाहीतर बँक तिथंच थांबते. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जागेच्या मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, आपल्या वकिलाकडून कर, बिल्डरनं दिलेल्यावर विसंबू नकोस.

हे घर तू आमच्यासाठी घेतेयस हे मला कळतं. पुन्हा पाणी आलं तर आईला पाठीवर घेऊन जिना चढायला लागू नये, हे तू बोलली नाहीस तरी कळतं.

शनिवारी येशील तेव्हा फ्लॅटचा नकाशा आण. आईनं सोनेतारण फिटल्याची पावती ट्रंकेतून काढून देवापाशी ठेवलीय. ती फाईलला लावू.

तुझे,
बाबा