वाडी रिकामी असताना शिबिर कुणासाठी?

संपादक साहेब, नमस्कार,

माझा भाचा मेलबर्नला असतो, आता तिकडचाच नागरिक झालाय. ऑस्ट्रेलियात 14 ऑक्टोबर 2023 ला सार्वमत झालं, तिथल्या मूळच्या म्हणजे ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या लोकांचं म्हणणं संसदेपुढे मांडायला घटनेतच एक कायमचं मंडळ असावं का म्हणून, आणि जवळजवळ 60 टक्के लोकांनी नाही म्हटलं, सहाच्या सहा राज्यांत ते पडलं. भाचा मागे आला तेव्हा म्हणाला, मावशी, सरकार एवढा पैसा ओततं त्यांच्यावर, अजून काय ऐकायचं त्यांचं? मला धस्स झालं, कारण हेच वाक्य मी मुळशी मावळात कातकऱ्यांबद्दल 30 वर्षं ऐकत आले.

तिथलंच 2007 चं बघा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरी भागात ॲबोरिजिनल वस्त्यांतल्या लहान मुलांवरच्या अत्याचारांचा अहवाल आला, फार वाईट गोष्टी होत्या त्यात, त्या कुणी नाकारत नाही. पण त्याच अहवालाच्या पहिल्याच शिफारशीत लिहिलेलं होतं की जे काही ठरवाल ते या लोकांशी मनापासून बोलून ठरवा. आणि सरकारने काय केलं तर आठवड्याभरात घोषणा, मदतीला लष्कर, 73 वस्त्यांमधे सरकारी भत्त्यातली अर्धी रक्कम अडवून ठेवली की ती अमुकच वस्तूंवर खर्च करायची, आणि हे सगळं करता यावं म्हणून वंशभेदाविरुद्धचा स्वतःचाच कायदा बाजूला ठेवला. जो दारूला शिवत नाही, पोरं नीट सांभाळतो, त्याचेही पैसे अडवले. कसा विश्वास बसणार लोकांचा?

याउलट सिडनीच्या रेडफर्नमधे 1971 ला ॲबोरिजिनल लोकांनीच स्वतःचा दवाखाना काढला कारण बाकी ठिकाणी अपमान व्हायचा. आता असे दवाखाने देशभर आहेत. अपमानापायी दुखणं अंगावर काढणारी माणसं मी आपल्याकडेही खूप पाहिलीत.

मी आरोग्यसेविका होते. एका कातकरी वाडीवर जानेवारीत तपासणी शिबिर ठेवलेलं, मांडव, बॅनर, गोळ्यांचे खोके सगळं तयार आणि वाडीत फक्त दोन म्हाताऱ्या. दिवाळीनंतर सगळे वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडावर परत येतात. त्यातली एक आजी म्हणाली, बाई, आधी विचारलं असतंत तर सांगितलं असतं ना. मीही विचारलं नव्हतं, तारीख वरून आली आणि मी गेले, ते अजून मनाला लागून आहे.

आता पीएम जनमन या अति मागास आदिवासींसाठीच्या केंद्राच्या योजनेतून कातकऱ्यांसाठी घरं येतायत, चांगलंच आहे. पण कित्येक वाड्यांखालची जमीन दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर असते, मग घर मंजूर होऊन बांधायचं कुठे? हे कागद बघून कळत नाही, वाडीत जाऊन बसलं की पहिल्या 10 मिनिटांत कळतं. आणि आपल्या पुणे जिल्ह्यात आदिवासी गावांच्या ग्रामसभेला जास्त अधिकार देणारा पेसा कायदा फक्त आंबेगाव जुन्नरच्या काही गावांना लागू, मुळशी मावळातल्या वाड्या त्यात येतच नाहीत. मोठ्या गावाच्या ग्रामसभेत वाडीची माणसं दाराशी बसतात, बोलायची वेळ येईपर्यंत सभा संपलेली असते.

ऑस्ट्रेलियात मूळचे लोक आणि बाकीचे यांच्यातली दरी कमी करायच्या 2020 च्या करारात पहिल्यांदा मूळच्या लोकांच्या संघटनांनी सरकारच्या बरोबरीने सही केली, तरी 2024 मधे तिथल्याच प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने, म्हणजे सरकारी कामाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने, सांगितलं की सरकारी खाती अजून जुन्याच पद्धतीने वागतायत. म्हणून सभा झाली आणि सह्या घेतल्या एवढ्यावर माझं समाधान होणार नाही. माझी मागणी एवढीच की घर, रस्ता, शिबिर काहीही ठरवायच्या आधी बैठक वाडीतच घ्या, त्यात बायकांना बोलू द्या, आणि त्या काय म्हणाल्या आणि त्याचं पुढे काय झालं हे वाडीत परत येऊन सांगा. तुमच्या वार्ताहरांनाही पाठवा, पण पावसाळ्यात पाठवा, तेव्हा सगळे घरी असतात.

एक निवृत्त आरोग्यसेविका,
कोथरूड, पुणे