खणाच्या नावावर पॉलिस्टर

संपादक महोदय,
७ ऑगस्टचा हातमाग दिन जवळ आला की जिकडेतिकडे 'सस्टेनेबल फॅशन'चे स्टॉल लागतात. १९०५ च्या स्वदेशी चळवळीची आठवण म्हणून २०१५ पासून सरकार हा दिवस साजरा करतं, म्हणून जरा बोलते. मी पण त्याच लायनीतली, घरातच दोन मशीन टाकून खणाचे ब्लाऊज, पर्स, मुलींची परकर-पोलकी शिवते, सोबत गल्लीतल्या तिघी जणी. गेल्या महिन्यात एका प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवर 'इको-फ्रेंडली हातमागाची खण साडी' ६५० ला, आणि बायकांची ही झुंबड! मीही एक घेतली, घरी येऊन पदराचा धागा काढून काडी लावली तर तो आकसला आणि त्याची काळी टणक गोळी झाली. चक्क पॉलिस्टर. सूत असतं तर कागदासारखं जळून राख झालं असतं, रेशीम असतं तर केस जळाल्यासारखा वास आला असता.

अहो खरा खण विणतात गुळेदगुड्डला, कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात, मुळात चोळीसाठी, पन्हा म्हणजे कापडाची रुंदी लहान, आपण ओटी भरतो तोच. त्यात अख्खी साडी हातमागावर काढून ६५० ला परवडेल का, तुम्हीच सांगा.

मला मात्र सगळे विचारतात, तुमचा ब्लाऊज एवढा महाग का. कारण खणाचे पैसे रोख मोजावे लागतात आणि तिघींना मी नगावर नाही तर दिवसावर पैसे देते, नगावर दिले की शिलाई घाईत होते आणि दोन धुण्यात उसवते, उसवलं तर मी फुकट शिवून देते ना. कातरणाच्या पट्ट्या पर्सला लावतो, अगदीच चिंध्या उरल्या तर उशीत भरतो. लोक म्हणतात यात नवीन काय, आजीची गोधडी पण सस्टेनेबलच होती. होतीच की, पण आजीला शिलाई कोणी दिली नव्हती, मला दर शनिवारी तिघींचे पैसे काढायचे असतात.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना एवढीच विनंती, 'हातमाग' असा बोर्ड लावू देण्याआधी सरकारी हँडलूम मार्कचं लेबल तरी बघा. पॉलिस्टर विकायचं तर खुशाल विका, पण तसं लिहून विका, माझ्याकडेच अशा चार साड्या आहेत, पावसाळ्यात बऱ्या पडतात.

पुढच्या महिन्यात परत तेच प्रदर्शन आहे, स्टॉलचं भाडं भरून झालंय. यावेळी पिशवीत काडेपेटी टाकून नेणार आहे.

— एक शिवणकाम करणारी वाचक, सांगली