साताऱ्याला क्लीनरूम नको, प्रकाश मोजण्याचे टेबल हवे

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

मी साताऱ्यात पदव्युत्तर वर्गाला भौतिकशास्त्र शिकवतो. माझी मागणी लहान आहे, पण ती समजावी म्हणून थोडे विज्ञान सांगणे भाग आहे.

ऑप्टिकल फायबरमधून आलेला संदेश पुढे कोणत्या वाटेने धाडायचा हे ठरवताना बहुतेक ठिकाणी प्रकाशाची वीज आणि विजेचा पुन्हा प्रकाश करावा लागतो. त्यात वेळ जातो आणि ऊर्जाही. प्रकाशाची वाट प्रकाशानेच उघडता आली तर हा वळसा टळेल. कृष्णाकाठच्या भाषेत सांगायचे, तर पाटकऱ्याने दार उचलण्याऐवजी पाण्याच्या लोंढ्यानेच ते उघडावे, तसे.

हे दार ग्राफीनचे करता येते. मँचेस्टरमध्ये २००४ साली वेगळा केलेला हा कार्बनचा एक अणू जाडीचा थर आरपार जाणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे २.३ टक्के शोषतो. तोच थर सिलिकॉन चिपवरच्या तरंगवाहकावर, म्हणजे प्रकाशाला वाट देणाऱ्या बारीक पट्टीवर, पसरला, की प्रकाश त्याच्या कडेने दूरवर धावतो आणि शोषण कितीतरी वाढते. मग प्रकाशाचे एखादे तीव्र स्पंद, म्हणजे क्षणिक झोत, सोडले, तर ग्राफीनमधील इलेक्ट्रॉन वरच्या पातळ्या भरून टाकतात, आणखी शोषणाला जागा उरत नाही आणि मागचा क्षीण संदेश निसटून पुढे जातो. पिकोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या, आसपास दार पुन्हा मिटते. जपानमधील संशोधकांनी धातूच्या ३० बाय २० नॅनोमीटरच्या फटीत प्रकाश कोंडून ३५ फेम्टोज्यूल ऊर्जेत आणि २६० फेम्टोसेकंदांत (फेम्टो म्हणजे पिकोचा हजारावा भाग) ही उघडझाप करून दाखवली. अशा फटीत धातू स्वतःच बराच प्रकाश गिळतो, हा त्यातला दोष. आणि विद्यार्थ्यांना करण्याजोगे काम नेमके तिथेच उरले आहे.

तांब्याच्या पत्र्यावर वाढवलेले ग्राफीन चिपवर उतरवताना आमच्या विद्यार्थ्यांच्या हातून ते अनेकदा फाटले. त्याचे मला दुःख नाही, हात तसाच बसतो. दुःख याचे, की जो तुकडा नीट उतरला तो मोजायला आमच्याकडे काही नव्हते.

म्हणून मागणी अशी, की क्लीनरूम, म्हणजे चिप घडवण्याची धूळमुक्त खोली, इथे बांधू नये. ती चालवण्याचा खर्च आमच्या आवाक्यातला नाही. मुंबईची आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था येथील नॅनो केंद्रांत बाहेरच्या संशोधकांना काम करता येते; तिथे चिप घडवण्यासाठी विद्यार्थ्यांचे शुल्क, प्रवास व निवास शासनाने द्यावे. साताऱ्यात मात्र कंपनरोधक टेबल, १५५० नॅनोमीटरचा स्पंदित लेसर, प्रवर्धक, फायबर चिपला मायक्रॉनच्या अचूकतेने जुळवणारा मंच आणि शक्तिमापक एवढेच द्यावे. फेम्टोसेकंद मोजणारी यंत्रणा मी मागत नाही. किती तीव्रतेला शोषण घटू लागते, एवढे कळले तरी एका प्रबंधाचे काम होते. हे टेबल सांगली-कराडच्या महाविद्यालयांनाही खुले असावे आणि ते सांभाळायला एक कायमस्वरूपी तंत्रज्ञ नेमावा, कारण तंत्रज्ञाविना आलेली उपकरणे खोक्यातच राहिलेली मी पाहिली आहेत.

आपला,
साताऱ्यातील एक भौतिकशास्त्र शिक्षक