शाळेच्या ऑफिसमधल्या काकांना, रोबोटिक्सच्या पोरांकडून

प्रिय काका,

आधी कबुली देतो. पहिलं वर्षभर आम्ही तुमच्या नावाने बोटं मोडली. स्पर्धा चार दिवसांवर असताना रोबोटचे भाग हलवणारी सर्वो मोटर जळली, मी खिशातले पैसे घालून नवी आणली, आणि तुम्ही बिल परत पाठवलंत. माझ्या नावाभोवती पेन्सिलीने गोल आणि शेजारी तीन शब्द: ‘शाळेचे नाव हवे’.

भांडायलाच आलो होतो. तुम्ही खुर्ची पुढे सरकवलीत आणि म्हणालात, “बस. हा खेळ असतो तरी काय, ते सांग.”

मी सांगत गेलो. फर्स्ट टेक चॅलेंज ही शाळकरी मुलांची रोबोट स्पर्धा, तिचा सामना जेमतेम अडीच मिनिटांचा. पहिले 30 सेकंद रोबोट स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो, मग 2 मिनिटं आम्ही चालवतो. सुरुवातीला तो लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून 18 इंचांत मावला पाहिजे. आणि खेळ दरवर्षी नवा, सप्टेंबरात जाहीर होणारा.

इथे तुम्ही चष्मा काढलात. “अरे, पण खर्चाच्या मागण्या तर आम्ही त्याच्या कितीतरी आधी घेतो!”

खरं दुखणं तेच होतं, आणि आमच्यापैकी कुणाला ते धड मांडता आलं नव्हतं. चेंडू उचलायचेत की ठोकळे रचायचेत हे माहीत नसताना आम्ही अंदाजपंचे यादी द्यायचो. खेळ कळला की लागायचं भलतंच, आणि ते ‘यादीबाहेरचे’ म्हणून नामंजूर व्हायचं. तुम्ही नियम मोडला नाहीत, नीट वाचलात. बॅटऱ्या, वायरी, नोंदणी शुल्क असं दरवर्षी लागणारं सगळं नावानिशी लिहायला लावलंत. उरलेल्या रकमेसाठी ‘सुटे भाग’ अशी एकच ओळ. तीन दरपत्रकं घ्यावीच लागली, पण ती खेळ जाहीर व्हायच्या आधीच फाइलला लागली होती.

देणग्यांचे पैसे तर तुम्ही अक्षरशः वाचवलेत. आम्ही दारोदार फिरून जमवलेली रक्कम शाळेच्या सर्वसाधारण खात्यात जायची आणि वर्षअखेरीस शिल्लक गायब. तुम्ही त्यांच्यासाठी हिशेबात वेगळं लेखाशीर्ष उघडून घेतलंत आणि शिल्लक पुढच्या वर्षात ओढलीत. आम्हाला मिळालेलं अनुदान फक्त साहित्यासाठी होतं, त्यातून प्रवासखर्च निघत नव्हता. दोन हजार स्क्रू आहेत, पण स्पर्धेला जायला पैसे नाहीत, अशी गत झाली असती. त्या शिलकीनेच आम्ही गेलो.

सगळं सुटलंय असं नाही. शाळा सुटल्यावर आमच्यासाठी थांबणाऱ्या बाईंना त्या तासांचा मोबदला अजून मिळत नाही, आणि त्या रजेवर असल्या की नियमाप्रमाणे प्रयोगशाळेला कुलूप. हे तुमच्या हातात नाही. पण हे पत्र मुख्याध्यापकही वाचतील, म्हणून मुद्दाम लिहितोय.

जळलेल्या मोटरी मात्र अजून खोक्यातच आहेत. डेड स्टॉकला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढवल्यामुळे फेकता येत नाहीत म्हणालात, तेव्हा कॅप्टनपदाबरोबर तो वारसाही नववीतल्या मुलीकडे सोपवलाय. तिला तुमच्याकडे घेऊन येतो.

सोबत टायमिंग बेल्टचं बिल जोडलंय. शाळेच्या नावावर आहे.

तुमचा,
पेन्सिलीच्या गोलातला मुलगा