काठावरच्या सूचना घाईत उरकू नका

महोदय,

कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंगसाठी शनिवार-रविवारी मोठी गर्दी होते. गोव्यातल्या म्हादईवर राफ्ट पावसाळ्यातच चालतात. कुंडलिकेला मात्र उन्हाळ्यातही पाणी असते, कारण मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून या नदीत उतरते. हे पाणी सकाळी सोडले की त्याचा जोर ओसरायच्या आत साऱ्या राफ्टना निघावे लागते. पर्यटक महामार्गावरच्या कोंडीत अडकून उशिरा पोहोचले, की कात्री लागते ती काठावर द्यायच्या सूचनांना.

या सूचना म्हणजे निव्वळ औपचारिकता नव्हे. लाइफ जॅकेटची सगळी बकले लावून पट्टे आवळल्यावर दुसऱ्याने ते खांद्यांशी धरून वर ओढून पाहायचे. जॅकेट कानांपर्यंत सरकले, तर पाण्यात ते डोक्यावरून निघूनही जाईल. वल्ह्याच्या टोकाची मूठ तळहाताखाली कायम झाकलेली हवी. ती सुटली की शेजाऱ्याचे दात पडतात.

पाण्यात पडल्यावर सर्वांत घातक चूक म्हणजे उभे राहण्याची धडपड. पाणी कमरेइतकेच असले तरी पाऊल दगडांच्या फटीत अडकले, की मागून येणारा प्रवाह माणसाला पुढे आडवा पाडतो आणि तोंड पाण्याखाली दाबून धरतो. तिथे पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. म्हणून उताणे व्हायचे, पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवायचे आणि पायांची बोटे पाण्यावर दिसत राहिली पाहिजेत. मदतीची दोरी पिशवीत भरून फेकतात; ती आली तर दोरीच धरायची, पिशवी नाही; पिशवीतून दोरी अजून सुटत असते. दोरी छातीशी धरून खांद्यावरून मागे न्यायची. मनगटाला कधीही गुंडाळायची नाही, कारण ओढ बसल्यावर ती सोडवता येत नाही. हे एकदा ऐकून लक्षात राहत नाही, प्रत्येकाकडून करूनच घ्यावे लागते.

म्हणून आयोजकांना विनंती आहे, की सूचना नदीकाठी न देता निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणीच द्याव्यात. राफ्ट पाण्यात ढकलण्याआधी प्रत्येक जॅकेट मार्गदर्शकाने स्वतः ओढून पाहावे. बंधाऱ्यामागच्या संथ फुगवट्यावर कयाक (छोटी, अरुंद होडी) चालवणाऱ्यांनाही जॅकेटमधून सूट नको. वारा सुटला की कयाक उलटायला लाटांची गरज नसते. उशिरा आलेल्यांचे पैसे हवे तर परत करावेत, पण सूचना न ऐकलेल्या माणसाला राफ्टमध्ये घेऊ नये.

– एक राफ्टिंग मार्गदर्शक, रायगड