परेरा कधीच खेळले नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देशोदेशी फिरलेल्या फुटबॉल प्रशिक्षकांवर आपल्या क्रीडा पानावर गेल्या आठवड्यात छोटा मजकूर आला होता. त्यात कार्लोस आल्बर्टो परेरा यांचा उल्लेख 'ब्राझीलचे माजी खेळाडू व प्रशिक्षक' असा आहे. परेरा ब्राझीलकडून कधी खेळलेले नाहीत. ब्राझीलचं सोडा, व्यावसायिक फुटबॉलच ते खेळलेले नाहीत. त्यांचं शिक्षण शारीरिक शिक्षणाचं, म्हणजे आमच्याच जातकुळीचं. मी कोल्हापुरात उभी हयात पी.टी. शिकवण्यात घालवली, म्हणून ही चूक मला जरा जास्त टोचली.

निवृत्तीआधी काही हंगाम मी पेठेतल्या एका संघाची पोरं तयार करत होतो. पहिल्याच दिवशी कडेच्या कट्ट्यावरून प्रश्न आला, "सर, तुम्ही कुठल्या तालमीकडनं खेळलाय?" आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे. कुठल्याच नाही म्हटल्यावर जो हशा पिकला तो अजून कानात आहे. कोल्हापुरात फुटबॉल शिकवायचा तर आधी शाहू स्टेडियमवर घाम गाळलेला असावा लागतो, असा अलिखित कायदा आहे. त्या दिवसापासून माझं उत्तर ठरलेलं: परेरा कुठे खेळला होता?

हा माणूस १९६७ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, घानाच्या राष्ट्रीय संघाला शिकवायला गेला. १९७० चा विश्वचषक जिंकणाऱ्या ब्राझीलच्या ताफ्यात तो होता, पण खेळाडूंची तंदुरुस्ती सांभाळणाऱ्यांमध्ये. पेले गोल करतोय आणि हा कडेला उभा राहून कोण किती धावलं ते बघतोय. तिथून कुवेत. १९८० च्या आशिया चषकात साखळीत दक्षिण कोरियानं कुवेतला ३-० असं लोळवलं होतं. अंतिम सामन्यात त्याच कोरियाला कुवेतनं ३-० नेच हरवून चषक घेतला. मधल्या काही दिवसांत सरावात काय झालं असेल, हे मला एखाद्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त बघायला आवडलं असतं.

दोन वर्षांनी तोच कुवेत स्पेनला विश्वचषकात. फ्रान्सविरुद्ध प्रेक्षकांतून शिट्टी वाजली, पंचांचीच समजून कुवेतची पोरं जागेवर थांबली आणि जिरेसनं गोल मारला. मग कुवेतच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष शेख फहाद सज्जातून थेट मैदानात उतरले, आणि सोव्हिएत पंचांनी चक्क गोल रद्द केला! सामना फ्रान्सनं ४-१ असा जिंकलाच. पण अशा मालकांच्या हाताखाली नोकरी करणं म्हणजे काय, ते परेरांना विचारावं. १९९८ मध्ये सौदी अरेबियानं दोन सामने हरताच त्यांना स्पर्धा चालू असतानाच घरी पाठवलं. दहा वर्षांपूर्वी याच सौदीला त्यांनी आशिया चषक जिंकून दिला होता, हे तेव्हा कुणाला आठवलं नसावं.

कुवेत, संयुक्त अरब अमिराती, ब्राझील, सौदी आणि दक्षिण आफ्रिका, असे पाच देश त्यांनी विश्वचषकात उतरवले. बोरा मिलुटिनोविच सोडले तर ही बरोबरी कुणाला साधलेली नाही.

आता १९९४, म्हणजे परेरांच्या ब्राझीलनं अमेरिकेत जिंकलेला विश्वचषक. आपल्या मजकुरात 'कंटाळवाण्या फुटबॉलचा विजेता' अशी एक ओळ आहे. अंतिम सामना आपल्याकडे रविवारची रात्र उलटून एकला सुरू झाला, १२० मिनिटांत एकही गोल नाही, आणि सोमवारी माझी सकाळची शाळा. तेव्हा कंटाळ्याबद्दल मला कुणी सांगू नये. पण त्या संघानं सात सामन्यांत फक्त तीन गोल खाल्ले, हेही लिहायला हवं होतं. आणि त्याआधीचं वर्ष? ला पाझच्या उंचीवर बोलिव्हियानं २-० असं हरवलं, विश्वचषक पात्रता फेरीतला ब्राझीलचा तो पहिलाच पराभव. देशभर परेरांना हाकला म्हणून ओरड. रेसिफेला परतीच्या सामन्यात खेळाडू एकमेकांचे हात धरून साखळी करूनच मैदानात आले आणि ६-० नं जिंकले. पुढे अमेरिकेतही ते तसेच यायचे. बाजूला ठेवलेल्या आघाडीवीर रोमारिओला पात्रता फेरीतल्या उरुग्वेविरुद्धच्या शेवटच्या सामन्यासाठी बोलावणं, म्हणजे आपली चूक साऱ्या देशासमोर कबूल करणं. त्यानं दोन्ही गोल मारले. विश्वचषक सुरू असताना कर्णधार राईला बसवून कर्णधारपद डुंगाकडे दिलं, तेव्हाही शिव्याच खाल्ल्या. चोवीस वर्षांनी चषक आला तरी लोक म्हणाले, पण खेळ सुंदर नव्हता.

हा रोष खेळाडू म्हणून मोठ्या झालेल्या माणसाच्या वाट्याला एवढा येत नाही, असं माझं मत आहे. गोव्यानं ब्राझीलचा दिग्गज खेळाडू झिको प्रशिक्षक म्हणून पाहिला. तो फातोर्ड्याला आला तेव्हा अर्धा आदर त्याच्या आधीच येऊन बसलेला होता. परेरांना घानापासून प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवसापासून तो कमवावा लागला. आणि विश्वविजेता म्हणून मिरवण्याऐवजी १९९९ मध्ये हा गृहस्थ तिसऱ्या श्रेणीत घसरलेल्या आपल्या जुन्या फ्लुमिनेन्से क्लबला वर काढायला गेला, आणि काढलंही. आपल्याकडचा कोणता विजेता असा खाली उतरेल?

२००६ च्या विश्वचषकाबद्दल मी बचाव करणार नाही. रोनाल्डिन्हो, काका, आद्रियानो, रोनाल्डो असा संघ हाती असताना फ्रान्ससमोर एक गोलही होऊ नये, हे अपयशच. २०१४ च्या विश्वचषकात जर्मनीनं ब्राझीलला ७-१ असं हरवलं तेव्हाही प्रशिक्षक स्कोलारींच्या शेजारी समन्वयक म्हणून तेच होते, आणि दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर एका चाहतीचं कौतुकाचं पत्र वाचून त्यांनी स्वतःचं हसं करून घेतलं. वाचकांची पत्रं कुठे वाचावीत याचंही भान लागतं.

एवढं सविस्तर लिहिण्याचं कारण घरगुती आहे. आपला अंक आला त्याच संध्याकाळी माझ्या जुन्या पोरांपैकी दोघं, आता चांगले चाळिशीतले, कात्रण घेऊन दारात हजर. "बघा सर, परेरा पण खेळलेलाच होता की! इतकी वर्षं आम्हाला फसवलंत." तेव्हा दुरुस्ती कृपया ठळक छापावी. कात्रण मीच नेऊन देणार आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, कोल्हापूर